पांढऱ्या डोक्याची घार

सूड हा शब्द बायकांच्या तोंडी शोभत नाही, असं आमच्या घरी मानलं जाई. बाईनं रुसावं, फार तर ताट बाजूला सारावं. सूड घ्यायचा तो पुरुषांनी, आणि तोही कोर्टात जाऊन. मी मात्र एक सूड घेतला आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याची चव जिभेवरून गेलेली नाही. चित्रं कशी सुचतात, पाखरांवर लिहावंसं का वाटतं, असं हल्ली मला कोणी कोणी विचारतं. त्यांना मी तलाव, झाडं, पहाटेचा उजेड असं काहीबाही सांगते. ते खोटं नाही. पण माझ्या हातून उतरलेलं सगळ्यात चांगलं चित्र रागातून उतरलं, आणि ते मी कागदावर काढलंच नव्हतं.

तेव्हा आम्ही नागपुरात, महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहत होतो. वडील सचिवालयात कारकून होते. आई माझ्या लहानपणीच गेली होती. मी विशी ओलांडलेली, मुलींच्या एका शाळेत शिकवणारी, म्हणजे नातेवाइकांच्या दृष्टीनं काळजीचा विषय होते. वडील रोज पहाटे 'शुक्रवारी' नावाच्या तलावावर फिरायला जात आणि मला बरोबर नेत. ते काठानं रपेट करीत आणि मी पायरीवर बसून राही. बसून करायचं काय, म्हणून चित्रं काढायला लागले. कागद वडिलांच्या कचेरीतले पाठकोरे. रंग घरचेच: गेरू, हळद, काजळ, आणि फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केलेला केशरी. चितारओळीतून वडिलांनी खारीच्या केसांचे दोन कुंचले आणून दिले, तेव्हा मला राज्य मिळाल्यासारखं झालं होतं.

पहिली चित्रं भिकार होती. बगळा काढावा तर बदक व्हायचं. मग एके दिवशी काढायचं सोडून मी नुसतं लिहायला बसले. बगळा पाय उचलतो तेव्हा बोटं मिटून उचलतो आणि पाण्यात ठेवताना उघडतो, असं लिहिलं, आणि लिहिता लिहिता कळलं की हे मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बगळा बगळ्यासारखा आला. तेव्हापासून तीच रीत झाली. आधी पाखरू शब्दांत धरायचं, मग कुंचल्यानं. पाणकावळा बुडी मारतो आणि मग पंख पसरून वाळत घातलेल्या धोतरासारखा बसतो. टिटवी अंड्यांपासून दूर जाऊन ओरडते, म्हणजे बघणारा फसावा. खंड्या मासा गिळण्याआधी फांदीवर आपटतो. हे सगळं मी लिहून काढत गेले, चित्रं काढत गेले, आणि पेटीत ठेवत गेले. कोपऱ्यात नाव घालावं असं मला कधी सुचलंच नाही. बाईच्या जातीनं नाव कशाला मिरवायचं, हे कोणी सांगावं लागत नसे. ते आम्ही पाण्याबरोबर प्यायलो होतो.

आता आतोबांकडे येते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुलांच्या हायस्कुलात मास्तर, आणि शाळाखात्याच्या पुस्तक कमिटीत त्यांची ऊठबस. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, अंगात बारा महिने विटकरी रंगाचा लांब कोट, नाक पुढे वाकलेलं. चालताना मान खांद्यांत घालून चालायचे. आमच्या घरचे ते जावई, आणि जावई म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांची जीभ टाळूला चिकटे. पंक्तीत पहिलं ताट त्यांचं, पहिला शब्द त्यांचा, शेवटचाही त्यांचाच.

एका दिवाळीला त्यांनी माझी पेटी उघडून पाहिली. बराच वेळ चित्रं चाळत बसले. मग म्हणाले, "छान काढून राहिली वं तू. दे हे सगळं मले. साहेबाले दाखवतो." मला इतका आनंद झाला की लिहिलेलेही सगळे कागद मी आपण होऊन बांधून दिले. वडिलांनी गाठ मारली.

पुढच्या दिवाळीला पुस्तक आलं. आपल्या प्रांतातल्या पाखरांवरचं, शाळांसाठी मंजूर झालेलं, चित्रांसह. चित्रं माझी, शब्द माझे. पहिल्या पानावर नाव आतोबांचं, आणि नावाखाली 'लेखक व चित्रकार'. मी लिहिलेल्या 'मी थांबले, मी पाहिलं' चं 'मी थांबलो' एवढं करण्याचे कष्ट मात्र त्यांनी घेतले होते. एक प्रत त्यांनी मला भेट दिली. आत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हिला निसर्गाची आवड लागावी म्हणून'.

मला! निसर्गाची आवड लागावी म्हणून!

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी वडिलांना म्हटलं, "बाबा, तुम्ही बोला त्यायच्याशी." वडील पान लावत होते. त्यांनी चुना जास्त लावला आणि पुसला. म्हणाले, "जावयाले काय बोलू मी? तिकडे माही बहीण नांदून राहिली आहे. आणि नाव त्यायचं झालं काय नि आपलं झालं काय, घरातल्या घरातच आहे ना?" आत्या तिथेच वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मीही मग गप्प बसले, पण माझं गप्प बसणं आणि त्यांचं गप्प बसणं यांत फरक होता. मी वाट पाहत होते.

तलावावर जाणं मी सोडलं नाही. पण नजर बदलली होती. पूर्वी मला सगळी पाखरं सारखी प्रिय होती. आता मी एकीलाच पाहत बसे. देवळामागच्या पिंपळावर एक घार येऊन बसत असे. साधी मातकट घार नव्हे, तर पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची. आतोबांनी नेलेल्या चित्रांत तिचंही एक होतं. लोक तिला पवित्र मानून हात जोडत. मी तिचा धंदा पाहत होते. खाली पाणकावळा बुड्या मारमारून दमायचा, एकदाचा मासा घेऊन वर यायचा, आणि ही वरून शांतपणे उतरायची आणि त्याच्या चोचीतून मासा काढून न्यायची. तिला स्वतःला मासे धरता येत नव्हते असं नाही. पण दुसऱ्यानं धरलेला अधिक गोड लागत असावा. मासा नेल्यावर ती पिंपळावर बसून मान खांद्यांत घालून इकडेतिकडे पाही, आणि काठावरचे लोक हात जोडीत. मला हसू आलं. पांढरा रुमाल, विटकरी कोट आणि खांद्यांत घातलेली मान. आतोबाच बसले होते झाडावर.

तिला मी किती वेळा काढलं असेल! उतरताना, पंजे पुढे करताना, मासा चोचीत फिरवताना. प्रेमानं पाखरू पाहिलं की ते सुंदर दिसतं, पण रागानं पाहिलं की ते खरं दिसतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पोळा जवळ आला. नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. मारबती म्हणजे कागद-बांबूच्या अक्राळविक्राळ बायका, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे ज्याचा लोकांना राग आलेला असेल त्याची बाहुली. रोगराई, महागाई, लाचखाऊ अंमलदार, कोणाचाही बडगा होतो. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत सगळं गाव ते वेशीबाहेर नेतं आणि जाळतं. आमच्या ओळीतले, म्हणजे गल्लीतले, तरुण दरवर्षी एक बडगा काढीत. त्यांचा पुढारी माझा चुलतभाऊ. त्यांचे बडगे म्हणजे फाटका पायजमा आणि वर मडकं.

त्या वर्षी तो आला आणि म्हणाला, "ताई, औंदा बडग्याचं तोंड तू करून दे ना वं. दरसाल लोक हसतात आमच्यावर."

मी म्हटलं, "तोंडच काहून? सगळाच करून देते. पण काय करून राहिले म्हणून कोणाले सांगायचं नाही."

मागच्या पडवीत मी तो केला. कागद भिजवून लगदा कुटला, किडा लागू नये म्हणून त्यात मेथीची खळ घातली. डोकं पांढरं, चोच वाकडी, मान खांद्यांत. अंगाला गेरू. दोन पंख बाजूला असे आणले की लांब कोटाच्या बाह्या वाटाव्यात. पंज्यात चांदीच्या वर्खाचा मासा, आणि खाली, पंज्याशी, भिजून चिंब झालेला, चोच वासून वर बघणारा लहानसा पाणकावळा. त्या पाणकावळ्याचे डोळे रंगवताना मी रडले, ते दुःखानं नाही. मला एवढंच हवं होतं की आतोबांनी आमच्या सज्जात उभं राहून हे पाहावं, स्वतःला ओळखावं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या गावानं त्यांना जाळायला न्यावं. कोणाला कळलं नाही तरी चालेल. त्यांना कळलं म्हणजे झालं.

पोळ्याच्या जेवणाला जावई आलेच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सज्जात उभे राहिलो. वडील, आतोबा, आत्या, मी. पिवळी मारबत गेली, काळी गेली, ढोल वाजत राहिले, आणि मग आमच्या ओळीचा बडगा कोपऱ्यावरून वळला. मी रस्त्याकडे पाहतच नव्हते. मी आतोबांच्या तोंडाकडे पाहत होते.

पण गर्दीनं आधी तोंड उघडलं. "अरे, साहेब! गोरा साहेब!" कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळा रस्ताच ओरडायला लागला. पांढरं डोकं म्हणजे साहेबाची टोपी, लालसर अंग म्हणजे उन्हानं भाजलेला गोरा, आणि पंज्याखालचा तो चिंब पाणकावळा म्हणजे आपण. "तोंडचा घास पळवणाऱ्या साहेबाले घेऊन जा गे मारबत!" लोक नाचू लागले. माझ्या मनातही नव्हतं ते माझ्या बडग्यानं केलं. दिवस चळवळीचे होते, आणि नागपुरात त्या दिवसांत डोकं पांढरं नि अंग लाल म्हटल्यावर लोकांना दुसरं काय दिसणार?

आतोबांनाही तेच दिसलं. स्वतः दिसलेच नाहीत! आरशासमोर उभे राहून मागच्या भिंतीकडे पाहणारी माणसं असतात, त्यांतले ते. इतक्यात समोरच्या ओट्यावरचे वकील ओरडले, "वा वा! कोणाच्या हातचं आहे हो हे काम?"

वडिलांनी तोंड उघडलं. "आमच्या..." एवढं त्यांच्या तोंडून आलं, आणि आतोबा पुढे झाले, कठड्यावर हात ठेवला आणि मिशीत हसत म्हणाले, "आपलंच आहे. पोट्टे मांगे लागले होते, म्हणून दिलं करून."

खालून टाळ्या पडल्या. एकानं तर त्यांच्या नावाचा जयजयकार केला. आतोबांनी हात जोडले.

माझा बडगा, माझा राग, माझा सूड. तोही त्यांनी उचलून नेला. त्यांना ढकलून द्यावं असं मला वाटलं, आणि सज्जा फार उंच नव्हता एवढंच वाईट वाटलं. मग माझी नजर खाली कोपऱ्यावर गेली. तिथे पोलिसांचा जमादार उभा होता. तो बडग्याकडे पाहत नव्हता. तो मान वर करून आमच्या सज्जाकडे पाहत होता.

आत्यानंही त्याला पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आतोबांना सावध मात्र कोणी केलं नाही.

बडगा जाळायला नेताना वेशीपाशी पोलिसांनी अडवला. धड जळलं, पण डोकं आणि पंजा त्यांनी काढून नेला. आठवडा उलटला आणि आतोबा आमच्या ओसरीवर येऊन बसले. रुमाल डोक्यावर नव्हता. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांना शाळाखात्याच्या साहेबानं बोलावलं होतं. सरकारी पुस्तकं लिहिणारा मास्तर सरकारचीच टिंगल रस्त्यावर काढतो, यावर खुलासा हवा होता. आतोबांनी सांगितलं की तो बडगा आपला नव्हेच, लोकांनी भलतं ऐकलं. तेव्हा साहेबानं टेबलावर एका बाजूला ते जप्त केलेलं डोकं ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला आतोबांचं पुस्तक उघडून ठेवलं. घारीचंच पान. तीच मान, तीच चोच, पापणीवरची तीच रेघ. साहेब म्हणाला म्हणे, "हे दोन्ही एकाच हातचं आहे, हे मुलालाही कळेल. पुस्तक तुमचं आहे ना?"

"तू चल वं माह्यासंग," आतोबा मला म्हणाले. "सांग साहेबाले, का हा बडगा तू केला. पोरगी पाहून तो काही करणार नाही. मी सांभाळून घेईन."

वडील हळूच म्हणाले, "जाय बाई. घरचाच मामला आहे."

मी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नाही. मी म्हटलं, "येते ना आतोबा. आत्ता येते. पण साहेब विचारेल, बडगा हिचा तर मग पुस्तकातली घार कोणाची? त्याले काय सांगू?"

त्यांनी मांडीवरचा रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"तुम्ही एवढंच लिहून द्या, का पुस्तकातली चित्रं नि शब्द हिचे आहेत. लिहून दिलं का मी बडगाही माझा म्हणून सांगते. दोन्ही माझे, नाहीतर दोन्ही तुमचे. एक घ्यायचं नि एक टाकायचं, असं नाही होणार."

आतोबांनी वडिलांकडे पाहिलं. वडील पानाच्या डब्याकडे पाहत होते. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या दाराला टेकून उभी होती. जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला आणि म्हणाली, "लिहून द्या ना. खरंच आहे ते."

आतोबा उठले. रुमाल बांधला. बांधायला बराच वेळ लागला. "तसं कसं लिहून देऊ?" एवढंच म्हणाले. "माणसाचं काही नाव असते."

लिहून दिलं नाहीच. कमिटीतून नाव गेलं, पुस्तक शाळांतून निघालं, आणि बदली झाली पार चांद्याकडच्या जंगलात, जिथे शाळा म्हणजे एक खोली आणि तीही पावसात गळायची. एक ओळ लिहिली असती तर वाचले असते. नाव सोडवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोक मला विचारतात, दया नाही आली? नाही आली. आजही येत नाही. पुस्तक निघालं याचं मात्र मला वाईट वाटलं, कारण त्याबरोबर माझी पाखरंही शाळांतून गेली. तेवढी किंमत मी द्यायला तयार होते, आणि दिली.

जाण्याच्या आदल्या दिवशी आत्या आली. तिच्यापुढे मात्र माझी मान वर होईना. बदली तिचीही झाली होती. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "रडू नको वं. तिथे पाखरं असतीन ना?"

"खूप असतील."

"मग मले एक कुंचला देऊन दे. नि बगळा कसा काढतात ते दाखव. दिवसभर करू काय मी तिथे?"

मी तिला दोन्ही कुंचले दिले. आधी लिही, मग काढ, असं सांगितलं. ती म्हणाली, लिहायचं काही जमत नाही बापा, काढूनच पाहते.

पाऊस संपल्यावर तिचं पाकीट आलं. आत एक पाठकोरा कागद. त्यावर धनेश असावा, कारण चोच मोठी होती. बाकी अंग कोंबडीचं, पाय बगळ्याचे, आणि डोळा चुकून मानेवर आला होता. इतकं वाईट चित्र मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि खाली कोपऱ्यात तिनं स्वतःचं नाव घातलं होतं, पाखरापेक्षा मोठं, गेरूनं, दोनदा गिरवून.

मागे फक्त दोन ओळी होत्या. 'तुह्ये आतोबा रोज येऊन पाहून जातात. हात नाही लावत.'